ट्रॅकसाठी मियाटाचं अलाइनमेंट आणि सस्पेन्शन : आकडे कसे ठरवायचे?

निळी_मियाटा

नमस्कार मंडळी. ट्रॅकवर गाडी चालवतो म्हटलं की लोक सगळ्यात आधी अलाइनमेंटचे, म्हणजे चाकं कोणत्या कोनांत बसवायची त्याचे, आकडे मागतात. ते खाली देतोच. पण ते कशावरून ठरले हे न सांगता नुसते आकडे देणं मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी माझदा एमएक्स-५ मियाटा, दुसरी पिढी, म्हणजे एनबी. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो, त्यामुळे ट्रॅक मुख्यतः दोन : मॉन्टेरेजवळचा लगुना सेका आणि विलोजचा थंडरहिल. टायर २०० ट्रेडवेअरचे (म्हणजे पकड जास्त पण झिजायला लवकर), १५ इंची रिमवर. गाडी रस्त्यावरूनच ट्रॅकला जाते आणि त्याच टायरवर घरी येते.

मियाटा या कामाला इतकी सोयीची का, तर चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर एक, खाली एक असे दोन आर्म) आणि चारही लोअर आर्मच्या आतल्या टोकांना एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवलेले बोल्ट. पाना लावून बोल्ट फिरवला की आर्मचं टोक आत-बाहेर सरकतं. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल), पुढचा कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय ते), मागचा टो (वरून बघता चाकं पुढच्या टोकाला आत बघतात, म्हणजे टो-इन, की बाहेर, म्हणजे टो-आउट), सगळं कंपनीने दिलेल्या बोल्टवरच बदलता येतं. एवढ्या स्वस्त गाडीत एवढी मोकळीक क्वचितच मिळते.

माझे सध्याचे आकडे, अंशांत :
पुढे कॅम्बर उणे ३.०, कॅस्टर ५ च्या आसपास, टो शून्य.
मागे कॅम्बर उणे २.५, टो-इन दोन्ही चाकं मिळून ०.२ अंश.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि बाहेरचं चाकही तिच्याबरोबर वरून बाहेर कलतं. सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो, ती कडा तापते, घासते आणि पकड जाते. उभ्या गाडीत चाक वरून आत कललेलं ठेवलं (हाच निगेटिव्ह कॅम्बर), की वळणात ते जमिनीवर सपाट बसतं. किती कलवायचं हे टायर, स्प्रिंग, अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) आणि चालवणारा यांवर ठरतं. म्हणून माझं 'उणे ३' तुमच्या गाडीला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

मी ते ठरवलं टायरच्या तापमानावरून. सुई टोचून मोजायचा पायरोमीटर मिळतो. लॅप जोरात मारायची आणि चाकं थंड करत न रमता थेट पिटमध्ये यायचं. मग टायरवर तीन ठिकाणी सुई टोचायची : आत, मध्ये, बाहेर. थंडरहिलचं दुसरं वळण लांबलचक डावं आहे, तिथे उजवं पुढचं टायर बराच वेळ दाबलेलं राहतं. कॅम्बर उणे २.२ असताना त्या टायरचे आकडे आत ८२, मध्ये ८१, बाहेर ९० सेल्सिअस असे आले होते. बाहेरची कडा जास्त गरम, म्हणजे कॅम्बर कमी पडतोय. उणे ३ वर तेच ८८, ८५, ८२ झाले. आतली कडा बाहेरच्यापेक्षा पाच-सात अंश गरम असली की मी समाधानी असतो, कारण सरळ रस्त्यावर आतली कडाच जास्त टेकलेली असते आणि तिथे ती थोडी तापणारच. दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा मधलाच भाग गरम असेल तर कॅम्बरला हात लावू नका, हवा जास्त आहे.

इन्फ्रारेड गन वापरणारे बरेच दिसतात. गन फक्त पृष्ठभाग बघते, आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवतो. सुईच घ्या.

तुमचे अनुभव, वेगळी मतं, सगळं येऊ द्या.

---

पोलोवाला_पुणे

वाखूसा (वाचनखूण साठवली)! फार दिवसांनी या विषयावर मराठीत काही वाचायला मिळालं.

माझा प्रश्न साध्या गाडीचा आहे. पोलो, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरचा आर्म नाही, त्याच्या जागी स्प्रिंग-डॅम्परचा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम). कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जायचं ठरतंय. इथल्या अलाइनमेंटवाल्यांकडे गेलो तर ते म्हणतात, "साहेब, मशीनवर हिरवं आलं की झालं, कॅम्बरला ॲडजस्टमेंटच नाही." खरंच काही करता येत नाही का? आणि कॅम्बर वाढवला तर पुण्याच्या रस्त्यावर टायर आतून खाल्ले जातील, असंही सांगतात.

---

निळी_मियाटा

@पोलोवाला_पुणे, ते म्हणतात ते कंपनीच्या सेटिंगपुरतं बरोबर आहे. पण स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवता येतो. त्याचा दांडा बारीक आणि एक्सेंट्रिक असतो, त्यामुळे साधारण एक ते दीड अंश हाती लागतो. मागे टॉर्शन बीम आहे, तिथे हब आणि बीममध्ये पाचरीसारखी शिम घालणं एवढाच मार्ग. पण सुरुवातीला मागचं राहू द्या.

मॅकफर्सनमध्ये एक अडचण मुळातच आहे. डबल विशबोनमध्ये चाक वर दबलं की कॅम्बर आपोआप वाढत जातो, कारण वरचा आर्म आखूड असतो. स्ट्रटमध्ये ही वाढ फार थोडी, आणि गाडी जास्त खाली बसवली तर तीही जाते. म्हणून स्ट्रटच्या गाडीला उभ्या स्थितीतच जास्त कॅम्बर द्यावा लागतो आणि झुकणं कमी करावं लागतं. पुढून जास्तीत जास्त किती मिळतोय ते घ्या, दोन्ही बाजू सारख्या ठेवा आणि मग टो शून्यावर आणा.

टायर आतून खाण्याचं पाप कॅम्बरच्या माथी मारतात, ते बहुतेक वेळा टोचं असतं. टो चुकलेलं चाक प्रत्येक मीटरला थोडं आडवं घासत जातं. कॅम्बर दिल्यावर टो पुन्हा मोजलाच नाही, तर आतली कडा दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होते, आणि मग लोक म्हणतात कॅम्बरने खाल्लं. कॅम्बर बदलला की टो बदलतोच. म्हणून टो नेहमी शेवटी.

---

रिंगवारी

श्टुटगार्टहून. लेख आवडला, पण एक गोष्ट जोडतो.

माझी पोर्शे केमन ९८१ आहे आणि वाऱ्या नॉर्डश्लाइफेच्या, म्हणजे न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकच्या. २०.८३२ किलोमीटरची एक लॅप. चढउतार, उसळ्या, मध्येच फुक्सरोहरसारखा खोलगट भाग, जिथे गाडी पूर्ण वेगात अशी दाबली जाते की स्प्रिंगचा शेवटचा मिलिमीटर वापरला जातो. तिथे कॅम्बरच्या आधी मला सस्पेन्शनच्या प्रवासाची काळजी असते. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-डॅम्पर) आणून गाडी जमेल तेवढी खाली बसवणारे खूप भेटतात. त्यांची गाडी बंप स्टॉपवरच (सस्पेन्शनचा प्रवास संपतो तिथल्या रबरी ठोकळ्यावरच) चालते. बंप स्टॉपला टेकलं की त्या चाकाची स्प्रिंग एकदम दगड होते आणि वळणाच्या मधोमध पकड सुटते. चालक म्हणतो अलाइनमेंट चुकलंय, आणि अलाइनमेंटमध्ये काहीच चुकलेलं नसतं.

डॅम्परचंही तेच. रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत उघडताना डॅम्परचा विरोध) फार घट्ट केला तर एकामागोमाग एक उसळ्या आल्यावर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी हळूहळू स्वतःला खाली ओढत नेते आणि शेवटी पुन्हा बंप स्टॉपवर जाऊन बसते. गुळगुळीत ट्रॅकवर जे सेटिंग छान वाटतं तेच रिंगवर भीतीदायक होतं. मी रिबाउंड दोन-तीन क्लिक सैल करूनच जातो.

कॅम्बरबाबत : केमनला कंपनीच्या आर्मवर फार कमी मिळतो. पोर्शेच्याच ९११ जीटी३ चे दोन तुकड्यांचे लोअर आर्म लावले की मध्ये शिम घालून हवा तेवढा घेता येतो. जर्मनीत असे बदल टीयूव्हीकडून (वाहनांची तांत्रिक तपासणी करणारी संस्था) तपासून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यावे लागतात. भारतातून इथे नव्याने येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं, नाहीतर पोलीस तपासणीत गाडी अडकते.

---

निळी_मियाटा

@रिंगवारी, शंभर टक्के. एनबीमध्ये तर हा प्रश्न जास्तच, विशेषतः मागे, कारण मुळात प्रवासच थोडा. माझ्या स्प्रिंग पुढे १२.५ आणि मागे ७ किलो प्रति मिमी आहेत. हे घट्ट वाटतं, पण गाडी हलकी असल्याने आणि उंची जपल्याने चालतं. डॅम्परच्या दांड्यावर एक झिप टाय अडकवून ठेवा. लॅप झाल्यावर तो कुठवर सरकला ते बघा, बंप स्टॉपला किती वेळा टेकताय ते लगेच कळेल.

---

जिओमेट्री

मी पुण्यात कॉलेजात असताना फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः रेस कार बनवायची स्पर्धा) टीममध्ये सस्पेन्शन बघायचे. आता नोकरीतही चाचण्यांचंच काम करते. मशीन नसताना मोजायचं कसं, त्याबद्दल लिहिते. आमच्याकडे तेव्हा लेझर वगैरे काही नव्हतं, सगळं दोरीवर.

गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावून दोन दोऱ्या ताणायच्या, हबच्या मध्याच्या उंचीवर. दोऱ्या एकमेकींना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर हव्यात. नवखे इथेच चुकतात, दोरी चाकांच्या आधाराने लावतात. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे दोरी तिरकी होते. दोन्ही बाजूंच्या पुढच्या हबपासूनचं अंतर एकमेकांशी सारखं हवं आणि मागच्या हबपासूनचं एकमेकांशी. पुढचं आणि मागचं आपसात सारखं असायची गरज नाही.

मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. १५ इंची रिमवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१५ अंश. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना सहज दिसतो, म्हणजे घरच्या घरी पुरेशी अचूकता मिळते. याचा मोठा फायदा असा की प्रत्येक चाकाचा टो स्वतंत्र कळतो. दोन चाकांमध्ये टेप धरून मोजलं तर फक्त एकूण टो कळतो. मागची दोन्ही चाकं मिळून एकाच दिशेला बघत असतील, म्हणजे थ्रस्ट अँगल चुकला असेल, तर ते टेपमध्ये दिसतच नाही. गाडी मात्र एका वळणात छान आणि दुसऱ्यात विचित्र वागते.

चाकांखाली गुळगुळीत फरशीच्या दोन-दोन तुकड्यांमध्ये ग्रीस लावून ठेवायची. नाहीतर गाडी जॅकवरून खाली घेतली की टायर जमिनीला धरून बसतात आणि मोजमाप खोटं येतं. ते जमत नसेल तर गाडी पाच-सात मीटर पुढे-मागे ढकलून मगच मोजावं.

आणि सगळ्यात आधी : बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) तपासा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. बुश फाटलेलं असेल तर उभ्या गाडीत तुम्ही काहीही सेट करा, ब्रेक दाबल्यावर चाक मनाला येईल तिकडे बघणार.

---

निळी_मियाटा

@जिओमेट्री ताई, हे सोनं आहे. थ्रस्ट अँगलचा मुद्दा इतका सोपा करून कुणी सांगितला नव्हता.

---

कोल्हापूरकर

आमच्याकडं कार्टिंगचं वेड जुनं आहे, त्यामुळं कॅस्टरबद्दल बोलतो.

कार्टला सस्पेन्शन नाही आणि डिफरन्शियलही (वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही. मागचा ॲक्सल एकच घट्ट दांडा. तरी ते वळतं कसं? स्टिअरिंग फिरवलं की कॅस्टरमुळं आतल्या बाजूचं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि मागचं आतलं चाक जमिनीपासून उचललं जातं. मग मागचं एकच चाक काम करतं आणि कार्ट वळतं. कॅस्टर वाढवला की हे उचलणं वाढतं. शेजारी उभं राहून बघितलं तर डोळ्यांनी दिसतं.

मोटारीत एवढं टोकाचं होत नाही, पण तत्त्व तेच. कॅस्टर जास्त असला की वळवलेल्या बाहेरच्या चाकाला जादा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो, तोही फक्त वळवल्यावर. सरळ ब्रेक मारताना टायर सपाटच राहतं. मग धागाकर्त्यांनी कॅस्टर पाचवरच का थांबवला? आमचं मत, आधी कॅस्टर पूर्ण घ्या, मग कॅम्बर.

---

निळी_मियाटा

@कोल्हापूरकर, चांगला प्रश्न. मियाटाच्या पुढच्या लोअर आर्मला दोनच एक्सेंट्रिक बोल्ट आहेत आणि कॅम्बर नि कॅस्टर दोन्ही त्यांच्यावरच. एक घ्यायला गेलं की दुसरं सुटतं. मूळ भागांवर कॅस्टर पाचच्या आसपास ठेवायचा तर कॅम्बर अडीचच्या पुढे फारसा जात नाही. मी पुढे लांब लोअर बॉल जॉइंट घातलेत, म्हणून दोन्ही मिळालं. ते नसतील तर कॅस्टर थोडा सोडून कॅम्बर घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण थंडरहिलच्या लांब वेगवान वळणांत स्टिअरिंग फारसं फिरलेलंच नसतं. कॅस्टरचा फायदा स्टिअरिंग जास्त फिरतं तिथे. लगुना सेकाच्या शेवटच्या अकराव्या वळणात तो जाणवतो.

---

पोलोवाला_पुणे

लगुना सेकाचा विषय निघालाच आहे तर, तिथे डावी वळणं जास्त आहेत ना? मग उजव्या बाजूला जास्त कॅम्बर द्यावा का?

---

निळी_मियाटा

ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने आहे, त्यामुळे हो, अकरा वळणांत डावीच जास्त आणि उजवं पुढचं टायर सगळ्यात राबतं. फक्त त्याच ट्रॅकसाठी रेस कार असेल तर बाजूबाजूला वेगळा कॅम्बर ठेवतातही. पण माझी गाडी त्याच सेटिंगवर हायवेने घरी येते. दोन बाजूंत फरक ठेवला की ती एका बाजूला ओढते आणि पावसात ब्रेक मारताना ते नको वाटतं. शिवाय कॉर्कस्क्रू या उतरत्या जोडवळणाचं डावं संपतं न संपतं तोच उजवं येतं, तेही १८ मीटरच्या उतारावर गाडी हलकी झालेली असताना. तिथे दोन्ही बाजू सारख्या वागल्या पाहिजेत. मी टायर डावी-उजवी अदलाबदल करून झीज वाटून घेतो.

बाजूंचा समतोल कॅम्बरने साधण्यापेक्षा वजनाने साधावा. चार चाकांखाली चार काटे ठेवून, सीटवर स्वतः बसून (किंवा तेवढं वजन ठेवून) मोजलेलं माझं उदाहरण देतो, किलोमध्ये :

आधी : डावं पुढचं ३०१, उजवं पुढचं २५४, डावं मागचं २६७, उजवं मागचं २७८. एकूण ११००.

उजवं पुढचं आणि डावं मागचं यांची बेरीज ५२१, म्हणजे ४७.४ टक्के. हा कर्ण हलका आहे. गाडी डाव्या वळणात एक बोलते आणि उजव्यात दुसरं, ते यामुळे. उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या कोपऱ्याची स्प्रिंगची बैठक थोडी वर घेतली, उरलेल्या दोन्हींची तेवढीच खाली.

नंतर : २८७, २६८, २८१, २६४. बेरीज ५४९, म्हणजे ४९.९ टक्के.

पुढचं एकूण वजन आधीही ५५५ होतं, नंतरही ५५५. डाव्या बाजूचं आधीही ५६८, नंतरही ५६८. बैठका फिरवून वजन पुढून मागे किंवा डावीकडून उजवीकडे जात नाही, फक्त कर्णावर सरकतं. चालक डावीकडे बसतो म्हणून डावी बाजू जड राहणारच. ती हलकी करायची तर गाडीतलं वजनच उजवीकडे हलवावं लागतं.

हे करताना अँटी-रोल बारची लिंक एका बाजूने सोडून ठेवा, नाहीतर बारमधला पीळ काट्यावर येतो. काम झाल्यावर लिंक अशा लांबीवर जोडा की ती हाताने सहज बसेल.

---

रिंगवारी

म्हणजे क्रम असा : टायरची हवा, उंची, कर्णाचं वजन, कॅम्बर-कॅस्टर, शेवटी टो. आणि मागचं आधी, पुढचं नंतर. बरोबर?

---

निळी_मियाटा

बरोबर. आणि ट्रॅकवर गेल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, बार आणि डॅम्पर तिन्ही एकदम हलवले तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही. मी वही ठेवतो : हवेचं तापमान, टायरची थंड आणि गरम हवा, पायरोमीटरचे तीन-तीन आकडे आणि गाडी वळणाच्या तोंडाशी, मध्ये नि बाहेर पडताना कशी वागली त्याची एक ओळ. विलोजला उन्हाळ्यात भाजून निघतं. तिथे टायरमध्ये भरायची हवा आणि थंडीत मॉन्टेरेला भरायची हवा यांत दोन पीएसआयचा फरक सहज पडतो. टायर गरम असताना मी ३० ते ३२ पीएसआयमध्ये राहतो.

---

जिओमेट्री

मागच्या टोबद्दल नवीन लोकांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. पुढे टो-आउट थोडा चालतो, गाडी चटकन वळायला लागते आणि लोकांना ते आवडतं. मागे टो-आउट कधीही ठेवू नका, चुकून उरलेलाही नको. वेगात वळताना ॲक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक बाहेर बघायला लागतं आणि पाठ सुटते. नवख्याला ती सावरत नाही. मशीनवर मागचे आकडे हिरवे दिसले तरी प्रिंट मागून घ्या आणि चिन्ह वाचा, कारण काही गाड्यांची कंपनीची रेंज शून्याच्या दोन्ही बाजूंना असते.

---

पोलोवाला_पुणे

प्रिंट काढून आणली. पुढे डावा कॅम्बर उणे ०.४, उजवा उणे ०.९. मागे टो-इन आहे, दोन्ही बाजूंना साधारण सारखा. कॅम्बर बोल्ट मागवतोय. पुढच्या दोन बाजूंत आत्ताच अर्ध्या अंशाचा फरक आहे, तो कशामुळे असेल?

---

कोल्हापूरकर

बोल्ट लावायच्या आधी तो फरक शोधा. खड्ड्यात आपटून लोअर आर्म किंवा स्ट्रट वाकलेला असू शकतो, किंवा सबफ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) एका बाजूला सरकलेली असेल. सबफ्रेम सरकली असेल तर एका बाजूला कॅम्बर कमी नि दुसऱ्या बाजूला तेवढाच जास्त दिसतो, तुमच्या आकड्यांत तसंच वाटतंय. सबफ्रेमचे बोल्ट सैल करून मध्यावर आणून बघा. खर्च काही नाही, तासाभराचं काम.

---

निळी_मियाटा

कोल्हापूरकरांशी सहमत. आणि आर्मचे बोल्ट सोडावे लागले तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर करा. हवेत लटकवून आवळले तर रबर बुश त्या स्थितीत पिळलेलं अडकतं, गाडी खाली आल्यावर उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतं. गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर करून घ्या, मग नवीन प्रिंट इथे टाका. पुढचे आकडे त्यावरून ठरवू.